वहीची उलटी बाजू

आज आपल्याला बचत गटाच्या वहीबद्दल बोलायचं आहे. थांबा, लगेच रेडिओचा आवाज कमी करू नका! कर्जाचा हप्ता, व्याज, बँकेच्या चकरा यातलं आज काही नाही. आज बोलायचं ते वहीच्या दुसऱ्या बाजूबद्दल.

आम्ही पाच-सहा जणी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गटांचं काम पाहतो. आज अचलपूर, उद्या दर्यापूर, परवा अकोट, आणि खांद्यावरच्या पिशवीत आठ-दहा गटांच्या वह्या. गटाची पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं म्हणजे नोंदी. या पाचव्या सूत्रामुळे आमच्या भागातल्या कितीतरी बायकांच्या हातात शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा पेन आलं. आणि पेन एकदा हातात आलं की ते फक्त आकडे लिहून थांबत नाही, हे आम्ही या वह्या चाळताना पाहिलं.

ठराव वही सरळ धरली की त्यात बैठकीचं कामकाज. तीच वही उलटी करून मागच्या पानापासून उघडली की वेगळंच जग. कुठे उखाणे. कुठे भुलाबाईची गाणी. कुठे ज्वारीच्या खारोड्यांचं प्रमाण, किती पायल्यांना किती तीळ. कुठे एकवीस ठिपक्यांची रांगोळी, पुढच्या सणाला बघून काढता यावी म्हणून. एका वहीत तर कविता सापडली. कोणाची विचारलं तर सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. अचलपूरच्या एका गटात आमची एक बहीण उर्दूतून लिहिते. उर्दू उजवीकडून डावीकडे, त्यामुळे तिची पहिली ओळ आपल्या शेवटच्या पानावर येते. आपली उलटी बाजू तीच तिची सुलटी. तिच्या पानांवर मेंदीचे नमुने आहेत, आणि ते इतके रेखीव आहेत की बैठक संपल्यावरही वही हातातून सुटत नाही.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी एकदा ही मागची पानं पाहिली आणि सचिव ताईंना विचारलं, "हे काय लिहून ठेवलंय सरकारी वहीत?" ताई म्हणाल्या, "सायेब, वही गटाच्या पैशानं घेतली हाय." साहेबांनी पान उलटलं.

आता हे सगळं आजच का काढलं? तर गेल्या काही वर्षांत गटाच्या नोंदी मोबाइलवर जायला लागल्या आहेत. ते चांगलंच आहे, आम्ही त्याच्या विरोधात नाही. बेरीज चुकत नाही, बँकेला लगेच दिसतं, वही हरवली तरी हिशेब हरवत नाही. पण काही गटांनी त्यानंतर वही घेणंच बंद केलं. पुढची बाजू मोबाइलवर गेली आणि मागच्या बाजूला जागाच राहिली नाही. जुन्या वह्यांचं काय झालं ते तर विचारूच नका. दर्यापूरकडच्या एका गावात घरात लग्न निघालं, रंगरंगोटी झाली आणि माळ्यावरचा जुना गठ्ठा रद्दीवाल्याला गेला. त्यात गटाची एक वही होती आणि त्या वहीत एका आजीने सांगितलेली, नातीने उतरवून घेतलेली भुलाबाईची गाणी होती, बावीस पानं. आजी त्याआधी सहा महिने गेल्या होत्या. त्या गाण्यांतलं अर्धं आता त्या गावात कोणालाच येत नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते, कोजागिरीपर्यंत पोरी टाळ्या वाजवत घरोघर फिरतात, खाऊ ओळखायला लावतात. यंदाही फिरल्या. पण स्पीकरवर गाणं लावून फिरल्या.

तुम्ही म्हणाल, मग मोबाइलमध्येच लिहायचं होतं, रद्दीत गेलंच नसतं. बरोबर आहे. जपून ठेवायला मोबाइल चालतो, कधी कधी वहीपेक्षा बरा चालतो. पण जपणं वेगळं आणि सुचणं वेगळं. आमचं म्हणणं सुचण्याबद्दल आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळची गोष्ट सांगतो. एका गटात ठरलं, प्रत्येकीने नवा उखाणा आणायचा. पंधरा जणी आल्या आणि त्यातल्या सहा जणींचा उखाणा एकच निघाला! सगळ्यांना तो एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळालेला, नवऱ्याचं नाव तेवढं बदललेलं. हसून हसून पुरेवाट झाली. मग आमच्यातल्या एकीने मोठं सूप मागवलं, सगळ्यांचे मोबाइल त्यात ठेवले, वर ओढणी झाकली आणि प्रत्येकीला वहीचं एक पान फाडून दिलं. अर्धा तास. पहिली दहा मिनिटं कुरकुर. "आमाले नाई सुचत बाप्पा," "शाळेतल्यावाणी काहून बसवता?" मग हळूहळू एकेकीची मान खाली गेली.

एका वहिनीचं पान आम्ही जपून ठेवलं आहे. वर लिहिलंय "सोन्याच्या ताटात" आणि त्यावर काट मारली आहे. का काट मारली विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या घरी सोन्याचं ताट कुठं हाय वं?" त्याखाली "चांदीच्या वाटीत", तेही खोडलं. त्याखाली नुसतं "पाटीत" असा एकच शब्द. आणि शेवटी हे तयार झालं:

तुरीच्या पाटीत राहिला खडा,
…रावांच्या हिशेबाला माझ्या वहीचा धडा.

हा उखाणा दुसऱ्या कोणत्या गावात नाही, कारण दुसऱ्या कोणाच्या घरचा नवरा तुरीचा हिशेब बायकोच्या वहीत बघून करत नाही. निदान उघडपणे तरी नाही. आमचं लक्ष मात्र त्या खोडलेल्या शब्दांकडे जातं. मोबाइलवर सोन्याचं ताट पुसलं असतं तर ते गेलं असतं. कागदावर ते काट मारून तिथेच बसून राहिलं. ताटावरून वाटी, वाटीवरून पाटी, ही वाट वहिनींच्या डोळ्यांसमोर होती. पहिल्या प्रयत्नाला काय नको होतं तेही दिसत होतं.

हाताने लिहिताना नेमकं काय होतं यावर शास्त्रज्ञांनीही काम केलं आहे. थोडक्यात सांगतो. अमेरिकेत २०१४ साली मुलर आणि ओपेनहायमर या दोघांनी कॉलेजच्या मुलांना भाषणं ऐकवली. काहींनी लॅपटॉपवर टिपणं काढली, काहींनी हाताने. लॅपटॉपवाल्यांची टिपणं मोठी होती, कारण बोटं भराभर चालतात आणि ऐकलेलं जसंच्या तसं उतरतं. साध्या माहितीच्या प्रश्नांना दोन्हींकडची उत्तरं सारखीच आली. पण समजून उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा हाताने लिहिणारे पुढे होते. हात हळू चालतो, सगळं उतरवणं जमत नाही, त्यामुळे काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे डोक्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. पुढे २०१९ साली दुसऱ्या अभ्यासकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे पेन धरलं की डोकं आपोआप चालतं, असं नाही.

नॉर्वेच्या ट्रॉन्धाइम शहरातल्या विद्यापीठाचा एक अभ्यास २०२४ साली छापून आला. छत्तीस विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ बारीक तारांची टोपी घातली आणि त्यांना दाखवलेले शब्द एकदा पेनने लिहायला लावले, एकदा बटणं दाबून. लिहिताना मेंदूचे लांबलांबचे भाग एकमेकांशी जास्त जोडलेले दिसले. गंमत म्हणजे ते पेन डिजिटलच होतं, पडद्यावर लिहायचं. कागदाची जादू नव्हती. हात अक्षराला वळण देत होता, ते महत्त्वाचं. बटण दाबताना 'क' आणि 'ळ' दोन्हींना बोटाची हालचाल सारखीच. लिहिताना 'ळ'ला दोन गाठी माराव्या लागतात. (त्या प्रयोगात टाइप करणाऱ्यांना एकच बोट वापरायला सांगितलं होतं, त्यामुळे दहा बोटांनी टाइप करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. पण आपल्या गटात दहा बोटांनी टाइप करणारी कोण आहे सांगा!)

अंगणवाडी ताईंसाठी आणखी एक. इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी पाच वर्षांच्या आसपासच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांकडून अक्षरं तीन प्रकारे करून घेतली: स्वतः काढून, गिरवून आणि बटण दाबून. नंतर तीच अक्षरं दाखवली तेव्हा वाचताना कामाला येणारे मेंदूचे भाग जागे झाले ते स्वतः अक्षर काढलेल्या अनुभवाने. वेडंवाकडं काढलं तरी. पोराने पाटीवर उलटा 'ग' काढला तर लगेच हातातून खडू ओढून घेऊ नका, एवढंच.

आता नॉर्वे-अमेरिका राहू द्या. आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. आमच्यातल्या कितीजणी तिथे दर्शनाला जाऊन आल्या असतील, पण तिथे काय लिहिलं गेलं ते सगळ्यांनाच ठाऊक असेल असं नाही. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ मानतात ते लीळाचरित्र तेराव्या शतकात रिद्धपूरला तयार झालं. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायचं मनावर घेतलं. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, ऐकलं होतं, त्यांच्याकडे ते गेले. प्रत्येकाला विचारलं, उतरवून घेतलं, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, अशा लहान लहान लीळा. आमच्या भाषेत सांगायचं तर म्हाइंभट हे घरोघर जाऊन सर्व्हे करणारे कार्यकर्तेच होते, फक्त त्यांच्याकडे छापील फॉर्म नव्हता. फॉर्म नव्हता म्हणून माणसं जशी बोलली तशी कागदावर आली.

आणि त्यात बायका होत्या. महदाइसा तर पुढेच होत्या. स्वामींना सतत प्रश्न विचारणाऱ्या, आणि नंतर म्हाइंभटांना आठवणी सांगणाऱ्या. त्याच महदाइसांनी, म्हणजे महदंबांनी, रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या समोर धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नाची गाणी. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून ज्यांचं नाव घेतात त्यांची ओळख लग्नात म्हणायच्या गाण्यांमुळे आहे. आपल्या वहीच्या मागच्या पानावर असतात तशीच.

परंपरा असं सांगते की पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. मग ज्यांच्या ज्यांच्या तोंडी होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली. त्यांत हिराइसा नावाच्या एक बाई होत्या. त्यांना ते पाठ होतं, आणि त्यांच्या आठवणीतून आलेल्या पाठाला त्यांचंच नाव मिळालं, हिराइसा पाठ. इथे आम्हाला दर्यापूरकडची ती बावीस पानं आठवतात. पोथी गेली, पण हिराइसा होत्या. आपल्याकडे पानंही गेली आणि आजीही.

महानुभावांनी पुढे आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या, आणि शेकडो वर्षं त्या हातानेच एकीवरून दुसरी उतरवल्या गेल्या. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. कोणाची पोरगी तिथे शिकायला जाणार असेल तर तिला आधी त्या महदाइसांची आणि हिराइसांची नावं सांगून पाठवा.

म्हाइंभटांची गोष्ट सांगण्याचं आणखी एक कारण आहे. ते म्हणजे बोली. मोबाइलवर 'मले' लिहायला जा, वरती 'मला' सुचवतो. 'लेहलं' लिहा, 'लिहिलं' करून ठेवतो. धारणीकडे आमच्या काही बहिणी कोरकू बोलतात आणि देवनागरीत लिहितात. त्यांचे शब्द तर मोबाइलला चुकाच वाटतात, तो त्यांच्या जागी भलतेच मराठी शब्द ठेवतो. एका ताईंनी कोरकू गाणं टाइप केलं आणि वाचून बघितलं तर त्यात गाणं कमी आणि किराणा यादी जास्त वाटत होती. पेन कोणाला काही सुचवत नाही. तुम्ही 'मले' लिहिलं तर ते 'मले'च राहतं.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचं असंच. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या रचायच्या, आणि मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्या माणसांनी ती गाणी वहीत उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. उतरवणाऱ्याने त्यांची बोली 'सुधारून' शाळेच्या मराठीत लिहिली असती तर? विचार करून बघा. ती गाणी त्या रूपात आज कोणी गुणगुणलं नसतं.

आणि आपल्या वऱ्हाडातच बुलढाण्याला ताराबाई शिंदे होत्या. वडील कचेरीत मोठे कारकून, घरात कागद, दौत, पुस्तकं असलेली. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर खटला झाला आणि वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांच्याच वागण्यावर टीका सुरू झाली. ताराबाई चिडल्या आणि लिहायला बसल्या. त्यातून 'स्त्री-पुरुष तुलना' झालं, १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. त्यानंतर ते जवळजवळ विसरलंच गेलं होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं की बुलढाण्यात बसून एका बाईने काय लिहून ठेवलं होतं. ते पुस्तक वाचताना राग पानावर चढत जातो ते दिसतं, वाक्यं लांब होत जातात, मधेच थांबून ती समोरच्याला विचारते. एका बैठकीत आम्ही त्याचा थोडा भाग वाचून दाखवला तर एक मावशी म्हणाल्या, "हे आताचंच हाय ना?"

एवढं सगळं बोललो तरी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्या कितीतरी बहिणींना लिहिता येत नाही. सही येते, तेवढीच. मग हाताने लिहिण्याच्या गप्पा त्यांच्यासाठी नाहीत का? आहेत, पण अक्षरापासून सुरुवात करून नाही. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद आठवतो? जाड कागदावर पेटत्या उदबत्तीने एकसारखी भोकं पाडायची, त्यावरून रांगोळी फिरवली की गेरूच्या सड्यावर ठिपके तयार. ज्या आजींनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांनी उदबत्तीने पंधरा बाय पंधराचा कागद बिनचूक केलेला आम्ही पाहिला आहे. वाकळ शिवतानाही तसंच. अकोट भागातल्या एका गटाला वाकळींची ऑर्डर मिळाली तेव्हा मुलींनी मोबाइलवर नमुने शोधले, दोनशे-तीनशे चित्रं पाहिली, डोळे दुखले, ठरेना. तेव्हा एका आजींनी कोळशाने ओट्यावरच चौकट आखली, आत त्रिकोण, त्रिकोणात चिंध्यांचे तुकडे ठेवून पाहिले, हलवले, पुन्हा ठेवले. पाऊण तासात नमुना तयार. मुलींनी मग तो चौकटीच्या वहीत उतरवला. त्या वाकळींना तोच नमुना गेला, मोबाइलवरचा नाही.

मसाल्याच्या पुड्यांवरच्या चिठ्ठीचंही असंच झालं. छापखान्यातल्या मुलाने संगणकावर चार नमुने करून दिले, चारही सुबक, चारही बाजारातल्या दुसऱ्या पुड्यांसारखे. मग गटातल्या एका ताईंच्या हातच्या अक्षरात मसाल्याचं नाव लिहून घेतलं आणि तेच छापलं. आता गिऱ्हाईक "ते वाकड्या अक्षराचं द्या" म्हणून मागतं. ताईंना आधी राग आला, वाकडं म्हणाल्याबद्दल. आता येत नाही.

तर आम्ही आता काय करतो ते सांगतो. महिन्यातल्या एका बैठकीत, हप्ते-बचत आटोपल्यावर, वीस मिनिटं मोबाइल सुपात. प्रत्येकीने वही उलटी करायची. विषय आधी सांगायचा नाही, एखादी वस्तू मधे ठेवायची. एकदा वखराची पास ठेवली होती, एकदा कापसाचं बोंड, एकदा रेशनच्या दुकानातली रिकामी पिशवी. बोंडावर सगळ्यात कमी लिहिलं गेलं. कापसाच्या भावाबद्दल इतकं बोलणं झालं की लिहायला वेळच उरला नाही. पिशवीवर सगळ्यात जास्त. लिहिता येतं त्यांनी लिहायचं, येत नाही त्यांनी काढायचं किंवा शेजारणीला सांगून लिहून घ्यायचं. लिहून घेणारीने एकही शब्द बदलायचा नाही, हा एकच कडक नियम. वाचून दाखवायची सक्ती नाही. सहा महिने एका बाईंनी कोणाला पान दाखवलं नाही, आम्हीही मागितलं नाही. सातव्या महिन्यात त्यांनी स्वतःच वाचलं. काय वाचलं ते सांगत नाही. ते त्यांचं आहे.

मोबाइल टाकून द्यायचा नाही. आजीचं गाणं आधी त्याच्यावर रेकॉर्ड करा, कारण आजी पुन्हा पुन्हा सांगून दमते आणि चाल कागदावर येत नाही. मग तेच ऐकत ऐकत वहीत उतरवा. उतरवताना अडाल, पुन्हा ऐकाल, एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायला आजीकडे जाल, आणि आजीला त्याच वेळी पुढचं कडवं आठवेल. हे आमच्यासमोर चार वेळा झालं आहे. पुण्याला हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या आज एक लाखाच्या वर आहेत. त्यांचंही काम असंच, ऐकायचं आणि कागदावर उतरवायचं. उतरवून झाल्यावर पानाचा फोटो काढून ठेवा, म्हणजे रद्दीवाल्याची भीती नाही.

थोडं वहीबद्दल. महाग डायरी घेऊ नका, तिच्यात लिहायला हात धजत नाही. शंभर पानी रेघी वही पुरते, नमुने काढायचे असतील तर चौकटीची. बॉलपेन वापरा. जेल पेन पावसाळ्यात पसरतं, आणि आपल्या कौलारू घरांत पाणी कुठून गळेल ते सांगता येत नाही. प्रत्येक पानावर तारीख आणि गावाचं नाव टाका. गाणं असेल तर ते कोणाकडून ऐकलं त्यांचं नाव, त्यांचं माहेर कोणतं तेही, कारण बाई गाणं माहेरून आणते. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लिहिणारे विनवणी लिहून ठेवायचे, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी ढिली होऊ देऊ नका, पाठ आणि मान मोडून लिहिलंय. आपल्याकडे यात वाळवीची भर. वही ट्रंकेत ठेवा, भिंतीला टेकवून नको, पानांत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाला आणि पोळ्याच्या आसपास एकदा बाहेर काढून उन्हं दाखवा. गटाच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा कोणाच्या माळ्यावर असेल तर या आठवड्यात तेवढा खाली काढा, आणि प्रत्येक वही मागून उघडून बघा. काही सापडलं तर पुढच्या बैठकीला घेऊन या.